डोकं कुणाचं, हात कुणाचे?

चिपळूणच्या पोराला एक गोष्ट लहानपणापासून ऐकावी लागते. परशुरामानं बाण मारला, समुद्र मागं हटला आणि कोकण वर आलं. घाटात त्याचं देऊळ आहे, गोष्टीला पुराणाचा आधार आहे. ठीक. आता वाशिष्ठीच्या कडेकडेनं दाभोळच्या खाडीकडे चालत जा. खाऱ्या पाण्याला बांध घालून भाताखाली आणलेली खाजणं दिसतील. समुद्र खरोखर जिथं मागं हटला तिथं तो या बांधांनी हटला. तो चिखल कुणी उपसला? दगड कुणी वाहिले? उधाणाच्या रात्री बांध फुटला म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो कुणी बुजवला? त्यांचं देऊळ नाही, त्यांची गोष्ट नाही. जमीन खोताच्या नावावर आणि पराक्रम बाणाच्या नावावर.

याच चिपळुणात एप्रिल १९२९ मध्ये बाबासाहेब शेतकरी परिषदेचे अध्यक्ष होते. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. तो झगडा मातीच्या जमिनीचा. ज्ञानाच्या जमिनीवरही खोती आहे. शोध कुणाच्या हातांनी लागले आणि सातबारा कुणाच्या नावावर झाला, हा प्रश्न एका आयरिश माणसानं प्राचीन ग्रीसच्या बाबतीत विचारला, आणि त्यापायी आपल्या पेशातल्या पंडितांचा राग ओढवून घेतला. त्याचं नाव बेंजामिन फॅरिंग्टन. ग्रीक तत्त्वज्ञानाचा आणि विज्ञानाचा इतिहासकार. आपल्याकडं त्याचं नाव फार ऐकू येत नाही. मार्क्स ऐकू येतो, मार्टिन ल्यूथर किंग ऐकू येतो, ब्लॅक पँथर तर आपल्या घरचेच. फॅरिंग्टन यायला पाहिजे होता, आला नाही. म्हणून हे लिहितोय.

कुणी म्हणेल, ग्रीस कुठं, चिपळूण कुठं? आपल्याला त्यांच्याशी काय करायचंय? करायचंय. आपली पोरं कॉलेजात तत्त्वज्ञान घेतात तेव्हा त्यांच्यापुढं पहिल्या दिवशी प्लेटो आणून बसवतात. आणि असा बसवतात की जणू काय मखरातला देव. शंका काढायची नाही, फुलं वाहायची. मनूला नाही म्हणायला आपण शिकलो, पण इंग्रजी पुस्तकातून आलेल्या मनूपुढं आपली मान आपोआप खाली जाते. हा आजार आहे.

फॅरिंग्टन जन्मला १८९१ साली, आयर्लंडातल्या कॉर्क शहरात. म्हणजे बाबासाहेबांच्याच वर्षी. आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. कॉर्कला आणि मग डब्लिनला तो ग्रीक-लॅटिन शिकला. १९१३ साली डब्लिनला कामगारांची मोठी टाळेबंदी झाली, हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यांचा एक पुढारी जेम्स कॉनली. त्याच्या विचारांचा या पोरावर परिणाम झाला, आणि तो जन्मभर टिकला. पुढं १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी कॉनलीला गोळ्या घातल्या. फॅरिंग्टन शिकवायच्या धंद्यात पडला. आधी बेलफास्ट. मग १९२० ते १९३५ दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला. पुढं वेल्समध्ये स्वान्सीच्या कॉलेजात १९३६ ते १९५६ अशी वीस वर्षं तो प्राध्यापक होता. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. १९७४ ला वारला.

या गावांकडं नीट बघा. आयर्लंड, म्हंजे गुलाम देश. केपटाऊन, जिथं काळ्या माणसानं राबायचं आणि गोऱ्यानं विचार करायचा. आणि स्वान्सी, कोळशाच्या खाणी आणि धातूच्या भट्ट्यांचा मुलूख. ग्रीक शिकवणारे प्रोफेसर बहुतेक ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या हिरवळीवर बसून ग्रीस बघत होते. हा माणूस ज्या खिडकीतनं बघत होता ती खिडकी वेगळी होती. त्याला ग्रीसमध्ये गुलाम दिसला यात नवल नाही.

त्याची पुस्तकं सांगतो, म्हणजे कुणाला शोधायची तर शोधता येतील. १९३६ ला ‘सायन्स इन अँटिक्विटी’. १९३९ ला ‘सायन्स अँड पॉलिटिक्स इन द एन्शंट वर्ल्ड’. ‘ग्रीक सायन्स’ पेलिकनच्या स्वस्त मालिकेत १९४४ आणि १९४९ असं दोन भागांत. १९४७ ला ‘हेड अँड हँड इन एन्शंट ग्रीस’. म्हातारपणी, १९६७ ला, ‘द फेथ ऑफ एपिक्युरस’. ‘हेड अँड हँड’ हे नावच आपल्या कामाचं. डोकं आणि हात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. ग्रीक विचार सुरू झाला तो अथेन्सच्या देवळात नाही, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या मिलेटस नावाच्या बंदरात, ख्रिस्ताच्या आधी सहाशे वर्षांच्या आसपास. थेलीस, ॲनॅक्सिमँडर, ॲनॅक्सिमिनीझ ही तिथली माणसं. जग कसं चालतं हे त्यांनी देवाच्या गोष्टी बाजूला ठेवून सांगायचा प्रयत्न केला. आता प्रश्न असा की देव काढला तर त्या जागी काय ठेवलं? फॅरिंग्टन म्हणतो, कारखाना ठेवला. ॲनॅक्सिमिनीझला सांगायचं होतं की हवा दाटत दाटत गेली की तिचं पाणी होतं, माती होते. हे सांगायला त्यानं शब्द वापरला तो लोकर भिजवून, दाबून, तुडवून बुरणूस करणाऱ्यांचा. ॲनॅक्सिमँडर सूर्याचं वर्णन करतो ते आगीनं भरलेल्या चाकासारखं, आणि आग बाहेर पडते ती लोहाराच्या भात्याच्या नळीतून पडावी तशी. म्हणजे आकाश समजून घ्यायला हे लोक धनगर, सुतार, लोहार यांच्याकडं बघत होते. हातांना जे कळलं होतं ते डोक्यानं उचललं.

एम्पिडॉक्लीसचं उदाहरण मला फार आवडतं. एक घरगुती भांडं होतं, खाली बारीक भोकं, वर चिंचोळं तोंड. तोंडावर अंगठा दाबून ते पाण्यात बुडवलं तर पाणी आत शिरत नाही. अंगठा काढला की भसकन शिरतं. यावरून तो दाखवतो की भांडं रिकामं नव्हतं, आत हवा होती, हवा हा पदार्थ आहे. पाणी काढणाऱ्या कुठल्याही बाईला हे रोज दिसत असणार. दिसणं आणि मांडणं यांच्या मध्ये भिंत नव्हती, म्हणून शोध लागला.

भिंत पुढं आली. गुलामगिरी वाढत गेली तसं हाताचं काम म्हणजे हलकं काम ठरलं. झेनोफन नावाचा लेखक सॉक्रेटीसच्या तोंडून सांगतो की कारागिरीच्या धंद्यांना शहरात मान नाही आणि ते बरोबरच आहे, कारण त्या धंद्यांनी माणसाचं शरीर बिघडतं आणि मनही. ॲरिस्टॉटल म्हणतो, उत्तम राज्यात कारागिराला नागरिक करणार नाहीत. हाच ॲरिस्टॉटल एक जुनं मत खोडून काढतो. ॲनॅक्सागोरस म्हणाला होता की माणूस सगळ्या प्राण्यांत शहाणा झाला, कारण त्याला हात आहेत. ॲरिस्टॉटल म्हणतो, उलट. माणूस शहाणा आहे म्हणून निसर्गानं त्याला हात दिले. बघा, एका वाक्याची उलटापालट आहे. पण त्यात राज्य बदललंय. पहिल्यात हात बाप आहे, दुसऱ्यात हात नोकर.

प्लेटोवर फॅरिंग्टन सगळ्यात जास्त तुटून पडला. प्लेटोच्या आदर्श राज्यात तीन थर आहेत: राज्य करणारे, लढणारे आणि राबणारे. हे लोकांनी गुमान मान्य करावं म्हणून एक गोष्ट रचायची असं प्लेटो सरळ लिहितो. गोष्ट अशी की तुम्ही सगळे धरणीच्या पोटातून आलात, पण देवानं घडवताना राज्यकर्त्यांत सोनं मिसळलं, लढवय्यांत चांदी, शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि पितळ. वाचताना पुरुषसूक्त आठवलं नाही असा आपल्यातला कुणी असेल काय? मुख, बाहू, मांड्या, पाय. धातू बदलून अवयव ठेवले की झालं. फरक दोन आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. एक, प्लेटो कबूल करतो की ही थाप आहे, उपयोगी थाप. आपल्याकडं तिला श्रुती म्हणतात. दुसरा, प्लेटोच्या राज्यात पितळेच्या आईबापांना सोन्याचं पोर झालं तर त्याला वर घ्यायची सोय आहे. मनूनं ती फटही बुजवून टाकली.

पण प्लेटोचा उतारवयातला ‘लॉज’ हा ग्रंथ वाचला की उरलंसुरलं कौतुक जातं. देव नाहीत असं म्हणणाऱ्याला आधी निदान पाच वर्षं तुरुंग, तरी सुधारला नाही तर मरण. त्याच ग्रंथात दोन तऱ्हेच्या वैद्यांचं वर्णन आहे. गुलामांवर इलाज करणारा वैद्य बहुधा स्वतः गुलाम. तो रोग्याला काही विचारत नाही, काही सांगत नाही, हुकूम दिल्यासारखं औषध देऊन पुढं पळतो. स्वतंत्र माणसाचा वैद्य रोग्याशी बोलतो, त्याला समजावतो, त्याच्याकडून शिकतो. सरकारी दवाखान्याच्या ओळीत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

धर्म राज्यकर्त्याच्या हातात काय काम करतो हे दाखवायला फॅरिंग्टन रोमकडं जातो. पॉलिबिअस नावाचा ग्रीक इतिहासकार रोमची स्तुती करतो ती कशाबद्दल, तर तिथं लोकांची देवभीती जोपासून ठेवलीय याबद्दल. शहाण्यांचंच राज्य असतं तर याची गरज नसती, असं तो म्हणतो. पण गर्दीला आवरायला अदृश्याचं भय आणि असलाच देखावा लागतो. याला म्हणतात मोकळेपणा! आपल्याकडं एवढं उघड लिहिणारा कौटिल्य सोडला तर कोण आहे?

या सगळ्याच्या विरोधात फॅरिंग्टन एका माणसाला उभा करतो, एपिक्युरस. ‘खा, प्या, मजा करा’ असं सांगणारा चैनी म्हणून त्याला शतकानुशतकं बदनाम केलं गेलं. चार्वाकाचं जे झालं तेच. एपिक्युरसनं अथेन्सजवळ बाग घेतली आणि तिथं आपली शाळा घातली. तिथं बायका होत्या, गुलाम होते. त्याचं सांगणं: देव तुमच्या भानगडीत पडत नाहीत, मेल्यावर शिक्षा नाही, ग्रह-तारे देव नाहीत, भिऊ नका. फॅरिंग्टनच्या मते यात नुसतं भौतिकशास्त्र नव्हतं, प्लेटोनं राज्यासाठी उभारलेल्या आकाशातल्या देवांवरचा तो हल्ला होता. त्याच्या गुलामांपैकी मीस नावाचा एक जण त्याच्याबरोबर तत्त्वज्ञान करीत असे. मरताना एपिक्युरसनं मृत्युपत्रात त्याला मोकळं केलं. फॅरिंग्टननं शेवटी एक अख्खं पुस्तक या माणसावर लिहिलं, त्यावरून त्याचा जीव कुठं होता ते कळतं.

आता त्याच्या चुका. भक्ती करायची तर देवळं कमी नाहीत, म्हणून हेही लिहितो. केंब्रिजचा कॉर्नफर्ड हा प्लेटोचा मोठा अभ्यासक. त्यानं १९४२ मध्ये मार्क्सवादी इतिहासकारांवर टीका केली, त्यात फॅरिंग्टन होता. पुढं १९५२ मध्ये एडेलस्टाईननं त्याच्या मांडणीतली भोकं दाखवली. ती सगळीच खोटी नव्हती. मिलेटसमध्येही गुलाम होते, मग तिथं विज्ञान कसं उगवलं? अलेक्झांड्रियात गुलामगिरी भरात असताना यंत्रं आणि गणित दोन्ही वाढलं, ते कसं? गुलामगिरी या एका किल्लीनं सगळी कुलपं उघडत नाहीत. फॅरिंग्टन कधी कधी वकिलासारखा लिहितो, प्लेटोच्या बाजूचा पुरावा घाईनं बाजूला सारतो. माझं मत असं: त्याची उत्तरं तपासून घ्यावी, पण त्याचा प्रश्न टाकून देता येत नाही. टीका करणाऱ्यांनीही तो टाकून दिला नाही, त्याला उत्तर देत बसले.

आणि एक ठिकाण असं आहे जिथं पुरावा त्याच्या बाजूनं भक्कम उभा आहे. ते म्हणजे व्हेसेलिअस. १५४३ साली या वैद्यानं माणसाच्या शरीररचनेवर मोठा ग्रंथ छापला. त्याच्या प्रस्तावनेचं फॅरिंग्टननं केपटाऊनच्या दिवसांत इंग्रजी भाषांतर केलं. व्हेसेलिअसची तक्रार ही की वैद्यांनी हाताचं काम सोडलं. औषध करणं दुसऱ्याला दिलं, चिरफाड न्हाव्यांकडं सोपवली. वर्गात प्रोफेसर उंच खुर्चीवर बसून गेलनचं जुनं पुस्तक वाचणार, खाली न्हावी प्रेत फाडणार. वाचणाऱ्यानं कधी हात लावला नाही, फाडणाऱ्याला पुस्तक वाचता येत नाही. चूक कुणाला दिसणार? व्हेसेलिअसनं स्वतः सुरी हातात घेतली आणि कळलं, की गेलननं पुष्कळ गोष्टी जनावरांवरून लिहिल्यात. तेराशे-चौदाशे वर्षं चूक तशीच चालली होती.

आता आपल्या देशाकडं या. सुश्रुत सांगतो, ज्याला शल्यविद्या शिकायची त्यानं प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून मग थर खरडत खरडत आतलं सगळं डोळ्यांनी बघावं. म्हणजे एकेकाळी इथं हात लावून शिकत होते. मग काय झालं? प्रफुल्लचंद्र राय या बंगाली रसायनशास्त्रज्ञानं हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, पहिला खंड १९०२ चा. त्यानं स्वच्छ लिहिलं की प्रेताच्या स्पर्शाचा विटाळ मानायला लागले, धंदे जातींत कोंडले, आणि शिकलेल्या वर्गाचा हात वस्तूपासून सुटला, तिथं या देशातल्या विज्ञानाचा ऱ्हास झाला. फॅरिंग्टनच्या तीस-चाळीस वर्षं आधी. पुढं देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स अँड सोसायटी इन एन्शंट इंडिया’ लिहून हा धागा वैद्यकाच्या बाबतीत आणखी ओढला.

मेलेलं ढोर फाडणाऱ्या आपल्या बापजाद्यांना कुठला सांधा कुठं सुटतो, काळीज कुठं, आतडं किती वाव, हे अंधारात माहीत होतं. त्यांच्याकडं वही नव्हती. ज्यांच्याकडं वही होती ते त्यांची सावली टाळत होते. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपण ते ओढकाम टाकलं, फार बरं केलं. त्या कामाचे गोडवे मला गायचे नाहीत. मला एवढंच म्हणायचंय की त्या हातांबरोबर जे ज्ञान गेलं ते या देशाच्या एकाही संहितेत आलं नाही.

इथं फॅरिंग्टन थांबतो आणि बाबासाहेब पुढं जातात. तारखा बघा. फॅरिंग्टनचं प्लेटोवरचं पुस्तक १९३९ चं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि बोलू न दिलेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापलं ते १९३६ ला. त्यात प्लेटो आहे. चातुर्वर्ण्याची बाजू घेणाऱ्यांना ते दाखवून देतात की प्लेटोही इथंच फसला. माणसाचं वेगळेपण त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं जिवंत माणसं तीन खोक्यांत भरली. हा विचार त्यांनी कोलंबियात जॉन ड्यूईकडून उचलला होता. डोकं आणि हात यांची ताटातूट हा तर ड्यूईचा आवडता विषय, त्यावर त्याचं १९२९ चं पुस्तक आहे. पण ड्यूई आणि फॅरिंग्टन या दोघांनाही न दिसलेली गोष्ट बाबासाहेबांना दिसली, कारण ती अमेरिकेत वा ग्रीसमध्ये नव्हती. इथं डोक्यानं हातापासून फारकत घेतली आणि शिवाय एका हातानं दुसऱ्या हातापासून घेतली. नुसती कामं वाटली गेली नाहीत, कामकरी माणसंच एकमेकांपासून तोडून उतरंडीत रचली गेली.

माझा आजा चिपळूणहून बोटीनं मुंबईला गेला, गिरणीत लागला. त्याला साळखात्यात घेतलं नाही. तिथं पगार जास्त. पण कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराच्या थुंकीचा धागा शेजारचा विणकर कसा ओढणार? तोही कामगारच, त्याच चाळीत राहणारा, त्याच संपात उतरणारा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला तेव्हा कामगारांच्या एकीच्या गप्पा मारणाऱ्यांची पंचाईत झाली. फॅरिंग्टनचा ‘हात’ हा एक हात आहे. आपल्याकडं हाताला पाच बोटं आणि पाचांचा एकमेकांना विटाळ.

दुसरं. बाबासाहेबांनी रोमच्या गुलामाची आणि अस्पृश्याची तुलना करून ठेवलीय, ती त्यांच्या मरणानंतर छापली गेली. तिकडं गुलाम शिक्षक होता, कारकून होता, कलावंत होता. मालकाला त्याला शिकवण्यात फायदा होता. एपिक्टिटस गुलाम होता आणि त्याचं तत्त्वज्ञान पुढं एका रोमन बादशहानं वाचलं. इथं शंबूकाचं डोकं उडवलं. गुलामाची सुटका कागदावर सही करून होत होती, जातीतून सोडवणारा कागद कुणाच्या हातात नव्हता. म्हणून फॅरिंग्टन वाचताना ‘गुलाम’ आला की तिथं ‘महार’ असा शब्द घालून पुढं जाऊ नका. हिशेब चुकेल.

‘ग्रीक सायन्स’ जुन्या पुस्तकांच्या दुकानात अजून मिळतं. आमच्या चिपळुणात आम्ही सहा-सात जण दर रविवारी संध्याकाळी बसून ते वाचतो. एक जण इंग्रजी वाचतो, दुसरा तिथंच मराठी करून सांगतो, बाकीचे भांडतात. पुराचं पाणी खालच्या आळीत शिरायला लागलं की पुस्तक माळ्यावर ठेवायचं हे पक्कं ठरलेलं आहे. २०२१ च्या जुलैत काय झालं ते आम्ही बघितलंय. पुढच्या रविवारी व्हेसेलिअसची प्रस्तावना आहे. ती वाचणारी आमच्यातली एक बाई दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते. तिनं आत्ताच सांगून ठेवलंय, की मधे कुणी डॉक्टरची बाजू घेऊन बोललं तर ती थांबणार नाही.